यजमानांची पडताळणी

कुसुमताई मिसाळ यांनी विमान जवळून एकदाच पाहिलं होतं, तेही लोहगाव विमानतळावर बंदोबस्तात, पाठ विमानाकडे आणि तोंड गर्दीकडे करून. पण व्हिएन्नाहून साल्झबर्गला जायला कुठली गाडी सोयीची, लिस्बनच्या चढावर गुडघेदुखीच्या माणसाला कुठल्या भागात उतरवावं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सहायक फौजदार म्हणून निवृत्त व्हायला त्यांना चौदा महिने उरले होते. गेल्या सहा वर्षांत त्यांनी अठरा साहेबांना परदेशी पाठवून सुखरूप परत आणलं होतं, आणि हे सगळं रावेतच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलाशी बसून, एका बाजूला लसूण सोलत.

हे काम त्यांच्या गळ्यात पडलं पोलीस स्नेहसंघामुळं. जगभरच्या आजी-माजी पोलिसांची ही संघटना. एका देशातला सभासद दुसऱ्या देशात गेला की तिथल्या सभासदाच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो, पुढं कधी तरी ते लोक इकडं येतात, अशी तिची रीत. सभासदाला हुद्दा विचारायचा नाही, असं नियमांच्या पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर छापलेलं आहे. तरीही इथल्या शाखेत कुसुमताईंना घेतलं ते बैठकीचं इतिवृत्त लिहायला आणि चहा-नाश्ता सांगायला. हळूहळू साहेबांचे रजेचे अर्ज, परदेशी जायची परवानगी, यजमानांना पत्र, ओळखपत्र, सगळं त्यांच्याकडे सरकत गेलं. सरकवणाऱ्यांनाही ते कळलं नाही.

नोकरीत त्यांचं टेबल भाडेकरू पडताळणीचं. एमआयडीसीच्या पोलीस ठाण्यात दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला. भोसरीच्या खोल्यांतून राहणारी पोरं, कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, त्यांची माहिती घरमालकांनी आणून द्यायची आणि ती तपासून शिक्का मारायचा. मालक लोक गठ्ठाच आणून आपटायचे. कुसुमताई एकेक कागद वाचायच्या, फोन लावायच्या, आणि शिक्का मारण्याआधी मालकाला काहीबाही विचारत बसायच्या. त्यामुळं त्यांच्या टेबलाशी रांग मोठी असायची.

तनुजा ही त्यांची सून. चाकणच्या एका कंपनीत ॲडमिनला होती आणि जर्मनीला जाणाऱ्या इंजिनिअर लोकांचे व्हिसा काढणं हे तिचं रोजचं काम. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी तिला वाटायचं, सासूबाई आपल्याकडून शिकतात. दुसऱ्या वर्षी कंपनीत एका साहेबाचा व्हिसा अडकला तेव्हा तिनं गुपचूप सासूबाईंना फोन करून विचारलं होतं, आता काय करू. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही, म्हणजे सुजितलाही, सांगितली नव्हती.

दिवाळीनंतरच्या बैठकीत वायरलेसच्या हवालदार मिनलनं चहा घेता घेता विचारलं, "ताई, दर वर्षी साहेबच का जातात हो? आपली वर्गणी काय कमी आहे का?"

कुसुमताई म्हणाल्या, "कुणी अडवलंय असं न्हाई."

"मग आपण का नाही जात?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता, याचंच त्यांना रात्री जेवताना आश्चर्य वाटलं. तसं त्या तनुजाला म्हणाल्याही. पुढच्या बैठकीत त्यांनी विषयपत्रिकेत शेवटचा विषय घातला: चार महिला सभासदांचा स्कॉटलंड दौरा. त्या स्वतः, मिनल, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या तळेगाव दाभाड्याच्या जाईबाई, आणि वर्षाली, जी पोलिसांची गाडी चालवायची आणि चौघींत सगळ्यात लहान होती.

शाखेचे अध्यक्ष जयसिंग साहेब, निवृत्त सहायक आयुक्त. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जा की. आनंदाची गोष्ट आहे. पण मॅडम, हे हॉटेल नाही, लोकांचं घर आहे. तिथं इंग्रजी लागतं, टेबलावर कसं बसायचं ते लागतं. काही कमीजास्त झालं तर नाव शाखेचं जातं." मग थोडं थांबून, "असं करा. चारही घरांची लेखी संमती पंधरा मार्चपर्यंत माझ्यासमोर ठेवा. चारच्या चार. मी ओळखपत्रांवर सही करतो. नाही जमलं तर एखाद्या ट्रॅव्हल्सबरोबर जा, हिंडून या. त्यातही कमीपणा नाही."

साहेब लोक जायचे तेव्हा एकाच घराची संमती आली तरी जयसिंग साहेब सही करायचे, हे कुसुमताईंना माहीत होतं. अठरा वेळा तो कागद त्यांनीच समोर धरला होता. त्या फक्त म्हणाल्या, "बरं साहेब," आणि इतिवृत्तात लिहून घेतलं: चारही.

पत्राचा मसुदा तनुजानं केला. छान नम्र इंग्रजी, कुठं काना वाकडा नाही. दहा दिवसांत चारही घरांचे होकार आले. स्कॉटलंडातल्या पर्थच्या मार्गरेटबाईंनी तर लिहिलं होतं की आमच्याकडे आजवर सगळे पुरुषच आले, बायका येणार म्हणून पडदे धुवायला काढलेत. तनुजानं चारही पत्रांच्या प्रती काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावल्या. काम झालं होतं. फेब्रुवारी संपायचा होता.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी तनुजा विमानाच्या वेळा बघायला शाखेची मेल उघडून बसली, आणि पाठवलेल्या पत्रांत तिला एक पत्र दिसलं जे तिनं लिहिलेलं नव्हतं. चारही घरांना गेलेलं. सोबत एक फॉर्म.

तिनं फॉर्म उघडला, आणि हातातला चहा खाली ठेवला.

यजमानाचे संपूर्ण नाव. वडिलांचे किंवा पतीचे नाव. शेवटची नेमणूक. शरीरावरील ओळखचिन्ह. घरात राहणाऱ्या इतर व्यक्ती, त्यांचे वय व नाते. घरात मद्यपान होते काय, असल्यास किती वेळा, आणि नंतर ती व्यक्ती काय करते. कुत्रा आहे काय. पाहुणीच्या खोलीला आतून कडी आहे काय. नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांची नावे व फोन. खाली सही किंवा अंगठा.

फोनमधल्या भाषांतरानं केलेलं इंग्रजी होतं ते. शेवटच्या ओळीत तर अंगठ्याच्या ठशाऐवजी नुसता अंगठाच मागितला होता.

"आई," तनुजानं हाक मारली.

कुसुमताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "काय गं?"

"हे काय पाठवलंय तुम्ही?"

"फॉर्म."

"अहो, हा भाडेकरूचा फॉर्म आहे. भोसरीतल्या पोरांचा."

"तसाच्या तसा न्हाई. बदल केलेत मी. कडीचं आणि कुत्र्याचं माझं आहे."

सुजित बाथरूममधून तोंडाला फेस घेऊन बाहेर आला आणि तनुजाच्या खांद्यावरून वाचायला लागला. "शरीरावरील ओळखचिन्ह," असं मोठ्यानं वाचून तो इतका हसला की त्याला परत आत जावं लागलं.

तनुजाला हसू येत नव्हतं. "लोक फुकट घरात ठेवून घेतायत, पडदे धुतायत, आणि आपण त्यांना विचारतोय, पिऊन काय करता? आणि मला न विचारता. होकार आले होते आई, सगळं झालं होतं."

"तुला विचारलं असतं तर तू पाठवू दिलं नसतं."

"नसतंच."

"मग," कुसुमताई म्हणाल्या आणि चिमटे शोधायला लागल्या.

पहिलं उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं, मार्गरेटबाईंचं. तनुजानं एका डोळ्यानं वाचावं तसं वाचलं. ओळखचिन्ह: डाव्या पोटरीवर, ड्यूटीवर असताना कुत्रा चावल्याची खूण. मद्यपान: नवरा, शनिवारी दोन ग्लास. नंतर काय करतो: गातो, आवाज वाईट आहे, पूर्वसूचना देत आहोत. शेजारी: मासळीच्या दुकानाची मालकीण आणि चर्चचे फादर, पण फादरपेक्षा मालकीण जास्त खरं बोलेल. कडी: आहे. अंगठा पाठवता येत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. दोन दिवसांत आणखी दोन घरांचे फॉर्म असेच भरून आले, आणि तनुजाला वाटलं, सुटलो.

गुरुवारी चौथं आलं. इन्व्हर्नेसच्या इयन नावाच्या निवृत्त सार्जंटचं. तीनच ओळी. बावीस वर्षं आम्ही जगभरच्या सहकाऱ्यांना घरी ठेवत आलो. माझ्या घरात पाहुण्याला आतून कडी लावायची गरज पडेल का, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. आमचं निमंत्रण आम्ही मागं घेत आहोत, आपला प्रवास सुखाचा होवो. पत्राची प्रत जयसिंग साहेबांना.

साहेबांचा फोन पंधरा मिनिटांत आला. कुसुमताईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण हात कणकेत होते.

"मॅडम, हे काय ऐकतोय मी? पाहुणा कधी यजमानाची चौकशी करतो का? तुम्ही तिकडं पाहुण्या म्हणून चाललाय का झडती घ्यायला?"

"तीन घरांनी भरून दिलाय साहेब."

"आणि चौथ्यानं हाकललंय. मी चार म्हणालो होतो." साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. ते जास्त वाईट. "त्यांना माफीचं पत्र लिहा. नजरचुकीनं गेलं म्हणा, कारकुनी चूक म्हणा. त्यांनी होकार दिला तर ठीक. नाहीतर मला चौघींचंही ओळखपत्र देता येणार नाही. शाखेची अब्रू आहे ती."

फोन बंद झाला. कुसुमताई कणीक मळत राहिल्या. तनुजा लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं दहा मिनिटांत माफीचं पत्र लिहिलं. असं पत्र लिहिण्यात तिचा हात बसला होता, कंपनीत आठवड्याला एक तरी लागायचं. सहकाऱ्याच्या नजरचुकीने चुकीचा फॉर्म जोडला गेला, मनःपूर्वक खेद आहे, कृपया दुर्लक्ष करावे.

"वाचून दाखवते आई."

कुसुमताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हात धुतले, पुसले, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"चांगलं लिहिलंयस. पण हे खोटं आहे. नजरचूक न्हाई झाली. मी समजून उमजून विचारलंय."

"आई, पंधरा तारखेला आठ दिवस आहेत. वर्षालीताईंनी पासपोर्ट काढलाय पहिल्यांदा. जाईबाई रोज चालायला जातायत की तिकडं धाप लागू नये. एका कडीपायी?"

"मी भोसरीत पहिल्यांदा खोली घेतली तेव्हा एकवीस वर्षांची होते," कुसुमताई म्हणाल्या. त्या सांगत होत्या ते गोष्ट सांगावी तसं नव्हे, जबाब द्यावा तसं, सावकाश. "नवी भरती. आम्ही दोघी होतो खोलीत, मी आणि परभणीची एक. दाराला बाहेरून कोयंडा होता, आतून काहीच न्हाई. मालकाचा भाऊ रात्री पाणी सोडायच्या निमित्तानं यायचा. दार वाजवायचा न्हाई. आम्ही पोलीस, तनुजा. कोपऱ्यात काठी उभी. तरी आम्ही दोघी दाराला पत्र्याची पेटी लावून निजायचो, आणि पेटी सरकल्याचा आवाज होतो का म्हणून एक जण जागी राहायची. सहा महिने. कुणाला सांगणार? आमची माहिती मालकानं पानभर लिहून दिली होती ठाण्यात. गाव, आईबाप, जात, ओळखचिन्ह. मालकाचं काय होतं त्या कागदावर? कोपऱ्यात सही."

तनुजानं लॅपटॉप बाजूला सरकवला.

"बारा वर्षं झाली त्या टेबलावर. राहणाऱ्याला सगळं विचारतात. ज्याचं घर आहे त्याला कुणी काही विचारत न्हाई. कागदावर जागाच न्हाई त्याला. मी तोंडानं विचारते, दाराला आतून कडी आहे का. आधी हसतात, मग चिडतात, मग बसवून येतात. मग शिक्का."

तनुजाला एकदम तिचं बघणं आठवलं. चाकणजवळच्या तिच्या गावी वडिलांनी, मुरारीअण्णांनी, घरामागं सहा खोल्या काढल्या होत्या आणि त्यातल्या दोनमध्ये कंपनीतल्या मुली राहायच्या. कुसुमताई मुलगी बघायला आल्या, पोहे खाल्ले, चार शब्द बोलल्या, आणि मग उठून सरळ मागं गेल्या. परत आल्या त्या म्हणाल्या, "पाव्हणं, पोरींच्या खोल्यांना आतून कड्या न्हाईत." अण्णांचं तोंड उतरलं होतं. आई, गवराबाई, स्वयंपाकघरात कुजबुजली होती, "ही बाई पोरगी बघाया आलीया का पंचनामा कराया?" बैठक मोडता मोडता राहिली. कड्या दुसऱ्या दिवशी बसल्या. मागून एकदा त्या मुलींपैकी एक तनुजाला म्हणाली होती, तुझी सासू भारी आहे. तनुजाला तेव्हा ती चेष्टा वाटली होती.

तिनं माफीचं पत्र पुसलं नाही, पण पाठवलंही नाही. "मग काय करायचं?" तिनं विचारलं.

"फोन लाव त्याला. मी बोलते. अडले तर तू सांग."

रविवारी दुपारी चार वाजता त्यांनी फोन लावला, तेव्हा तिकडं सकाळचे साडेदहा होते. सुजितला कुसुमताईंनी मुद्दाम खाली पाठवलं होतं, हसेल म्हणून. त्या साडी बदलून, केस नीट करून बसल्या होत्या, जणू तो माणूस समोर येऊन बसणार होता.

इयनचा आवाज जाड आणि खरखरीत होता. तनुजानं ओळख करून दिली. तो म्हणाला, आपलं म्हणणं मी लिहून कळवलं आहे, त्यात बदल नाही. निदान तनुजाला तरी तसं वाटलं, कारण त्याचं इंग्रजी तिनं शिकलेल्या इंग्रजीसारखं कुठंच लागत नव्हतं.

"विचार त्याला, किती वर्षं नोकरी केली," कुसुमताई म्हणाल्या.

तीस, तो म्हणाला.

"माझी पस्तीस व्हायलीत. सांग त्याला." मग त्यांनी फोन जवळ ओढला आणि मराठीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली की थांबायच्या, तनुजा सांगायची, मग पुढं. आरोपीला कोर्टापुढं उभं करताना जशी सगळी हकीकत तारीखवार सांगतात तशी त्यांनी सांगितली. एकवीस वर्षांची मुलगी, बाहेरून कोयंडा, पेटी. टेबलावरचे गठ्ठे. मालकाची कोपऱ्यातली सही. तनुजाला एका ठिकाणी इंग्रजी शब्दच सापडेना, पेटी सरकल्याचा आवाज ऐकायला जागं राहणं हे कसं सांगायचं. तिनं जमेल तसं सांगितलं.

"तुमच्यावर संशय म्हणून विचारलं न्हाई," कुसुमताई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही कसे आहात मला माहीत न्हाई. म्हणूनच विचारलं. तीन बाया माझ्या शब्दावर घराबाहेर पडायल्यात. उद्या त्यांच्यातली कुणी म्हणाली, ताई, तुम्ही बघून घेतलं होतं का, तर मला हो म्हणता आलं पाहिजे. परक्या घरमालकाला विचारायची सोय न्हाई. तुम्ही तर पोलीस. तुम्हालाच न्हाई विचारलं तर कुणाला विचारू?"

तनुजानं सांगितलं. फोन तुटला की काय म्हणून तनुजानं पडद्याकडे पाहिलं. मग मागून एका बाईचा आवाज आला, फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली.

ती इयनची बायको होती, अ‍ॅलिसन. ती हळू बोलली, प्रत्येक शब्द सुटा करून, आणि ती तनुजाला पूर्ण समजली. ती म्हणाली, मीही पोलिसात होते, आमच्या ठाण्यातली दुसरी बाई. शिकाऊ होते तेव्हाच्या वसतिगृहात मी दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवून झोपायचे. दोन वर्षं. चाळीस वर्षं लग्नाला झाली, मी हे नवऱ्याला कधी सांगितलं नाही, आत्ता तुमचं ऐकताना सांगितलं. तो इथं बसलाय आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालंय.

तनुजानं मराठीत सांगितलं. कुसुमताईंनी मान हलवली. "खुर्ची," त्या म्हणाल्या. "खुर्चीनं काय होणार. पेटी बरी." हे तनुजानं सांगितलं नाही.

इयन परत फोनवर आला. त्यानं घसा साफ केला. आधी फोन करून हे सांगितलं असतंत, तर मी त्याच दिवशी फॉर्म भरून दिला असता, तो म्हणाला. अचानक कागद आला, कारण नाही, नमस्कार नाही. मला तो लागला.

कुसुमताईंनी यावर थोडा विचार केला. "हे त्याचं बरोबर आहे," त्या तनुजाला म्हणाल्या. मग फोनकडे वळल्या आणि स्वतःच्या इंग्रजीत बोलल्या, त्या दिवशी पहिल्यांदा. प्रश्न चुकीचा नव्हता, विचारायची पद्धत चुकली. पद्धतीबद्दल सॉरी. प्रश्नाबद्दल नाही.

पलीकडे तो हसला असावा. आवाज तसा होता.

मंगळवारी फॉर्म आला. मोठ्या अक्षरांत, शाईच्या पेननं भरलेला. ओळखचिन्ह, कुत्रा (म्हातारा, दात नाहीत), शेजारी दोन, सगळं नीट. कडीच्या रकान्यात लिहिलं होतं: नव्हती. काल बसवली. खाली वेगळ्या, बारीक अक्षरात अ‍ॅलिसननं लिहिलं होतं: मी लावून बघितली, घट्ट बसते.

तेरा मार्चला शाखेची बैठक होती. तनुजानं अर्धा दिवस रजा टाकली आणि कुसुमताईंना स्कूटरवर चिंचवडला घेऊन गेली. एरवी ती खालीच थांबायची, त्या दिवशी वर जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. मिनल, जाईबाई, वर्षाली एका ओळीत बसल्या होत्या, निकाल लागायचा असल्यासारख्या. जाईबाई तर चालायचे बूटच पायात घालून आल्या होत्या.

जयसिंग साहेबांनी चार फॉर्म एकामागून एक वाचले. साहेबांना कागद वाचायची खरी सवय होती. ते कुठलाही रकाना सोडत नव्हते. मार्गरेटबाईंच्या फॉर्मशी ते थांबले.

"शनिवारी दोन ग्लास, नंतर गातो," त्यांनी वाचलं. "हे रेकॉर्डला ठेवायचं?"

"खरं लिहिलंय साहेब," कुसुमताई म्हणाल्या. "बाकी दोघांनी पीत न्हाई लिहिलंय. माझा जास्त विश्वास ह्या घरावर बसला."

जाईबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. साहेबही हसले, पण फॉर्म खाली ठेवला नाही. इयनचा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला. काल बसवली, या दोन शब्दांवर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

"मी माफी मागायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मागितली साहेब. आधी फोन न केल्याची."

साहेबांनी पेन काढलं. चार ओळखपत्रांवर चार सह्या झाल्या. वर्षालीनं आपलं ओळखपत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं, गाडीची कागदपत्रं तपासावीत तसं. हुद्दा कुठं लिहिलेला नव्हता. नाव आणि सभासद क्रमांक, बस.

बैठक उठता उठता साहेब कुसुमताईंजवळ आले. इतरांना ऐकू जाऊ नये एवढ्या बेतानं म्हणाले, "सप्टेंबरात आम्ही पोर्तुगालला जातोय. या खेपेला आमची मुलगीही येतेय. एकटीला चार दिवस वेगळ्या घरी ठेवावं लागेल." त्यांनी पेन खिशाला लावलं. "त्या घराचाही एक भरून घ्या."

"घेते साहेब. पण आधी फोन तुम्ही करायचा. मुलगी तुमची आहे, कारण तुम्ही सांगायचं. मग फॉर्म मी पाठवते."

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत कुठल्या साहेबाला कुसुमताईंनी काम सांगितलं नसावं. "ठीक आहे मॅडम," ते म्हणाले. "नंबर द्या."

जिन्यावर चौघी एकदम बोलत होत्या. स्वेटर कुणाचे, जोंधळ्याचं पीठ विमानात नेऊ देतात का, साडी की ड्रेस. मिनल म्हणत होती, साडी नेऊ, पण विमानात ड्रेस. कुसुमताई कुठं कोण उतरणार ते सांगत होत्या. मार्गरेटबाईंकडे जाईबाई, कारण तिथं जिना नाही. मिनल डंडीच्या घरी, त्या बाईंनी वायरलेसवरच नोकरी केली होती. त्या स्वतः चौथ्या घरी नव्हे, तिसऱ्या, तिथं कुत्रे दोन आहेत आणि बाकी तिघी दात असलेल्या कुत्र्याला भितात.

"मग इन्व्हर्नेसला मी?" वर्षालीनं विचारलं. ते भांडण सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. "त्या चिडलेल्या माणसाकडं?"

"तूच," कुसुमताई म्हणाल्या. "सगळ्यात लहान आहेस. चार घरांत सगळ्यात जास्त तपासलेलं घर तेच आहे."

खाली रस्त्यावर स्कूटरशी येऊन त्यांनी फोल्डर तनुजापुढं धरला, डिकीत टाक म्हणून. डिकीत सकाळची भाजी होती, मेथी आणि दोन नारळ. तनुजानं फोल्डर डिकीत ठेवला नाही. आपल्या ऑफिसच्या बॅगेतून तिनं कंपनीची फाइल काढून डिकीत कोंबली आणि त्या जागी चार ओळखपत्रं आणि चार फॉर्म नीट सरळ ठेवून चेन लावली.

"अगं, ती फाइल चुरगळेल," कुसुमताई म्हणाल्या.

"चुरगळू दे. इंजिनिअर लोकांची आहे," तनुजा म्हणाली. "बसा आई."